आजींच्या फोनवरचा माझा फोटो

आजींच्या नव्या रिसीव्हरवाल्या फोनला चार मोठी बटणं होती आणि प्रत्येक बटणात एकेक फोटो. आकडे लावायची गरजच नाही. ज्याचा फोटो दाबायचा, त्याला फोन लागतो. दादांनी तो ऑनलाइन मागवला तेव्हा खोका मीच उघडला, थर्माकोलचे तुकडे मीच गोळा केले. चारही फोटो लागून झाल्यावर मला काय वाटलं, ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या घरात येऊन मला तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. माझं गाव बार्शीकडचं. शाळा आठवीत सुटली. गावातल्या एका बाईंच्या ओळखीने मी आजींना सांभाळायला म्हणून इतक्या लांब आले. दादा म्हणजे आजींचा मुलगा, केंद्र सरकारच्या नोकरीत. वहिनी गुरुग्रामला एका कंपनीत. दोघं सकाळी साडेआठला निघायची ती दिवेलागणीनंतर परत यायची. मधला सगळा वेळ आजी आणि मी. आजींना विसरण्याचा आजार होता. सकाळचं दुपारी आठवायचं नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचं विचारा, घडाघडा सांगायच्या.

त्या घराने मला पुष्कळ दिलं. मला टायफॉइड झाला तेव्हा दादा स्वतः दवाखान्यात रांगेत उभे राहिले. मेट्रोत एकटीने कसं चढायचं, कुठे बदलायची, हे वहिनींनी दोन रविवार बरोबर येऊन शिकवलं. म्हणून पुढचं लिहायला हात धजत नाही. एवढं मिळूनही माझ्या जिवाला स्वस्थता नसायची. "जरा इकडे ये गं," असं कोणी म्हटलं की वाटायचं, आता सांगणार, बॅग भर म्हणून.

तो फोन आला त्यालाही कारण झालं होतं. आधी आजींकडे साधा मोबाईल होता. एका दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालून आत आले, तर आजी कोणाशी तरी हिंदीत अगदी रंगात येऊन बोलत होत्या.

"बेटा भी ऑफिस, बहू भी ऑफिस. हां, एक लड़की है ना, वो कपड़े सुखा रही है. चाबी? चाबी तो नीचे गार्ड के पास रहती है."

मी फोन हातातून काढून घेतला आणि बंद केला. आजी चिडल्या. "एवढा गोड बोलत होता बिचारा. तुम्हां लोकांना रीत नाही."

संध्याकाळी दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच नवा फोन शोधायला घेतला. चारच दिवसांत तो फोटोंचा फोन आला. त्यात बाहेरचा कोणाचा फोन यायचाच नाही, आणि आजींनाही त्या चौघांखेरीज कोणाला लावता यायचा नाही.

पहिले फोटो वहिनींनी ऑफिसात छापून आणले. आजींची मुलगी पुण्याला असते, तिला मी ताई म्हणते. ताईंचा हल्लीचा फोटो, केस कापलेले, चष्मा लावलेला. दादांनी आजींना विचारलं, "आई, ही कोण?"

आजींनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बँकेतली बाई."

मला रोजच्या बोलण्यावरून माहीत होतं की आजींच्या डोक्यात ताई अजून शाळेत जाते. मी म्हटलं, "जुना फोटो लावून बघू का?" कपाटातून अल्बम काढला. त्यात ताईंचा बारा-तेरा वर्षांचा फोटो मिळाला, स्कॉलरशिप मिळाल्यावर काढलेला. दोन वेण्या, रिबिनी, छातीवर शाळेचा बिल्ला. तो बटणात घातला मात्र, आजींनी लगेच बोट ठेवलं. "चिमणी."

"बिल्कुल बरोबर," दादा म्हणाले. "तुला कसं सुचलं गं हे?"

मग दादांचा कॉलेजातला फोटो शोधला, नुकती मिशी फुटलेला. वहिनींचा लग्नातला. चौथं बटण खाली सोसायटीच्या गेटवरच्या गार्डचं, काही अडलं तर. त्याचा निळ्या कपड्यांतला फोटो मीच जाऊन काढून आणला. आजी त्याला पोस्टमन समजायच्या आणि दिवसातून एकदा तरी त्याचं बटण दाबून विचारायच्या, "हमारी चिठ्ठी आयी?" तो बिहारचा म्हातारा भला माणूस. कधी कंटाळला नाही. "नहीं माताजी, आज नहीं आयी. कल देखते हैं."

मी दादांना आडून विचारून पाहिलं, "आणि मी कधी खाली गेले तर?"

"तू तर घरातच असतेस. तुला कशाला फोन करायला लागतील त्या? आणि बटणं चारच आहेत."

बरोबरच होतं ते. गार्डला बटण होतं आणि मला नव्हतं, हेही बरोबरच होतं.

ताईंचा फोन रोज संध्याकाळी सहाला यायचा. आजींना वेळ कळायची नाही, पण साडेपाचपासून त्या फोनजवळच्या खुर्चीतून हलायच्या नाहीत. मी चहा नेला की म्हणायच्या, "ठेव तिथे. माझ्या लेकीचा फोन येणार आहे." घंटी वाजली की चेहराच बदलायचा. दिवसभर मी न्हाऊ घालायची, केस विंचरायची, एकेक घास गोष्टी सांगत भरवायची, ओले कपडे बदलायची, आणि तो चेहरा मला एकदाही दिसला नव्हता. तो पुण्याला जायचा, दहा मिनिटांसाठी, तारेवरून.

त्यात आजी तिला सांगायच्या, "मला आज कोणी काही खायला दिलं नाही बघ."

मग लगेच माझा मोबाईल वाजायचा. "आई जेवली नाही का आज?"

"जेवल्या ताई. सकाळी लापशी. दुपारी मऊ भात, वरण, दुधी. चारला केळं."

"बरं."

त्या "बरं"मध्ये काय असायचं मला आजही नक्की सांगता येणार नाही. रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी फोन ठेवून तोच दुधी पुन्हा गरम करून स्वतः खायची आणि मनात म्हणायची, या ना मग इथे, भरवा.

माझ्या आईचाही फोन रविवारी यायचा. "बरी आहेस ना? भाऊ बोलतोय बघ," म्हणून दोन मिनिटांत ती फोन भावाच्या हातात द्यायची. तिला फोनवर बोलायचं सुचत नाही, त्यात तिचा दोष नाही. पण माझ्यासाठी कोणी खुर्चीत बसून राहिलेलं मी पाहिलेलं नव्हतं.

सगळ्यात जास्त डाचायचा तो फोटो. रोज फोन पुसताना ती रिबिनीवाली पोर माझ्याकडे बघायची. त्याच वयात माझं दप्तर माळ्यावर गेलं होतं. तिला बिल्ला मिळाला, तिला पुणं मिळालं, आणि आता केस पिकायला आले तरी आईने तिला त्या वयातच सांभाळून ठेवलेलं. आणि तो फोटो शोधून लावला कोणी, तर मी.

एका मंगळवारी दुपारी आजी झोपलेल्या होत्या. मी बटणावरचं प्लॅस्टिकचं झाकण नखाने उचललं. पोलीस व्हेरिफिकेशनसाठी मी आठ फोटो काढले होते, त्यातले तीन पाकिटात उरले होते. त्यातला एक ताईंच्या फोटोवर ठेवला आणि झाकण दाबून बसवलं. मला एवढंच बघायचं होतं की आजी मला ओळखतात का.

त्या उठल्यावर मी विचारलं, "आजी, ही कोण?"

"ही?" त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "ही नाही का, मला भात भरवते ती."

पाच मिनिटांत काढून टाकायचा असं ठरवूनच लावला होता. काढला नाही. सहाचा फोन तिकडून यायचा, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. दिवसा आजी अधूनमधून स्वतःहून चिमणीचं बटण दाबायच्या, ते मात्र बंद झालं. गुरुवारी ताई म्हणाल्या, "आईचा दोन दिवस दुपारी फोन नाही." मी म्हटलं, "झोपतात ना ताई." आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

शुक्रवारी आजींच्या गोळ्या संपल्या. गेटजवळच्या दुकानातून आणायच्या, दहा मिनिटांचं काम. आजी झोपेत होत्या. दाराला बाहेरून कडी लावून मी खाली गेले. मोबाईल चार्जिंगला लावलेला, तसाच राहिला. येताना लिफ्ट बंद पडलेली, आणि दुकानात आधीच गर्दीने वेळ खाल्लेला. सात मजले चढून आले तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता.

आतून दारावर थापा पडत होत्या. उघडलं तर आजी पदर ओढत उभ्या, तोंड लाल झालेलं, उजव्या हाताची कड सुजलेली. फोनचा रिसीव्हर खाली लोंबत होता आणि त्यातून कोणीतरी "आई, आई" म्हणत होतं.

आजींनी माझा दंड धरला. "कुठे गेली होतीस? न सांगता जायचं नाही."

त्यांना बसवून मी रिसीव्हर उचलला. पलीकडे ताई होत्या. "कुठे होतीस तू? दुसऱ्या फोनवरून किती फोन केले तुला. दादा मीटिंगमध्ये, वहिनी उचलत नाही, गार्डचा नंबर माझ्याकडे नाही."

"गोळ्या आणायला गेले होते ताई. लिफ्ट बंद होती."

ताईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आईने मला फोन लावला आणि तुला बोलावत होती. मी म्हणतेय, आई, मी आहे, मी बोलतेय. तर म्हणाली, तू नकोस, ती दे. भात भरवते ती. माझंच बटण दाबलं ना तिने? मग असं कसं?"

कसं ते मला माहीत होतं. माझा फोटो माझ्यासमोर होता. आजींनी मला हाक मारली होती आणि ती हाक मी पुण्याला वळवून ठेवली होती. तेवढं तेव्हा सांगून टाकायचं होतं. मी म्हणाले, "त्यांना आता कळत नाही ना ताई."

"हो," ताई म्हणाल्या. "चेहरेही जायला लागले वाटतं."

फोन ठेवून मी आधी माझा फोटो बटणातून काढून घेतला. मग आजींच्या हातावर बर्फ धरला. हा क्रम मला विसरता येत नाही.

माझ्या त्या एका वाक्याने घर हललं. दादा आले, हात पाहिला, मला रागावले नाहीत. "लिफ्टला तू काय करणार," म्हणाले. पुढच्या खेपेला मोबाईल बरोबर ने, एवढंच. त्यांचं सगळं लक्ष दुसरीकडे लागलं होतं. आई ताईला विसरली. डॉक्टरांना फोन झाला, गोळी वाढवायची का म्हणून. डॉक्टर म्हणाले, आधी बघू या, सोमवारी आणा. जेवताना दादा वहिनींना म्हणाले, "चेहरेच ओळखत नसेल तर या फोनचा काय उपयोग? घाबरून कुठलंही बटण दाबत बसेल आणि आपण समजू मदत मिळेल तिला. काढून टाकू. चिमणी येतेय उद्या, तिच्याशी बोलू आणि सोमवारी काढू."

"आणि सहाचा फोन?" वहिनींनी विचारलं.

"तो काय, हिच्या मोबाईलवर येईल," दादा माझ्याकडे बघून म्हणाले.

मला हवं होतं ते सगळं न मागता मिळत होतं. मी पोळी वाढायला उठले, पण तव्यावरची काढायला विसरले, ती जळली. सांगितलं तर घर जाईल. नाही सांगितलं तर आजींचा फोन जाईल, आणि ताई जन्मभर समजून चालतील की आई आपल्याला विसरली. मी दोन्ही बाजूंनी हिशेब करून पाहिला आणि गप्प राहिले.

शनिवारी सकाळच्या विमानाने ताई आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच समोर पाहत होते. फोटोतल्या पोरीचं काहीच उरलं नव्हतं. जाड काचांचा चष्मा, थकलेला चेहरा, एका हातात पिशवीभर बाकरवडी. त्या आजींच्या पायाशी बसल्या.

आजी सावरून बसल्या. "या. कोणाकडे आलात?"

"तुझ्याकडेच आले, आई."

"बसा बसा. पोरी, यांना चहा टाक."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काही राग नव्हता. बघ, तू म्हणालीस तेच खरं, असं काहीतरी होतं. मी चहाला गेले.

दुपारी त्यांनी आजींचे केस विंचरले. आजींनी विंचरून घेतले, मधे मधे "तुम्हाला किती मुलं?" वगैरे विचारलं. ताई उत्तरं देत होत्या. जेवायला वाढल्यावर ताईंनी भरवायला घेतलं, तर आजींनी तोंड मिटून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं. ताईंनी ताट मला दिलं. एरवी मी या क्षणासाठी काय नसतं केलं. घास माझ्या हातून नीट जाईना.

चारच्या सुमाराला आजी आपापल्या उठल्या, भिंतीला धरत फोनपाशी गेल्या. ताई सोफ्यावर बसून दादांशी हळू आवाजात बोलत होत्या, फोन काढायचंच बोलणं चाललं होतं. आजींनी चारही फोटोंवरून बोट फिरवलं आणि रिबिनीवाल्या पोरीवर दाबलं.

ताईंच्या पर्समध्ये मोबाईल वाजला.

त्यांनी काढून पाहिलं. पडद्यावर "आई". आजी चार हातांवर उभ्या, पाठमोऱ्या, रिसीव्हर कानाला लावलेला. दादांनी खुणेने सांगितलं, उचल. त्या उठून गॅलरीत गेल्या, काचेचं दार ओढून घेतलं, आणि मग फोन कानाला लावला.

"चिमणे," आजी इकडे म्हणाल्या, "शाळा सुटली का गं?"

काचेपलीकडे ताईंचे ओठ हलले.

"लवकर ये. घरात पाहुणे आलेत. मला एकटीला बोलायला होत नाही."

ताई कठड्याला धरून उभ्या होत्या. किती वेळ बोलल्या कोण जाणे. आजी हसत होत्या, तोच चेहरा. मला त्या वेळीही हेवा वाटला. आई समोर असून जिला गॅलरीत जाऊन बोलावं लागत होतं, त्या बाईचाही मला हेवा वाटला. इतकं ते माझ्यात मुरलं होतं.

ताई आत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. त्या सरळ माझ्याकडे आल्या. "ती ओळखते मला. बटण बरोबर ओळखलं. मग शुक्रवारी काय झालं होतं?"

मी खोलीत जाऊन पाकीट आणलं आणि तो फोटो त्यांच्या हातावर ठेवला. त्याच्या कडा झाकणाच्या मापाने मुडपलेल्या होत्या. "तुमच्या फोटोवर हा होता. मी लावला होता."

"का?"

मी खूप काही ठरवून ठेवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "माझा कुठेच नव्हता म्हणून."

दादा काहीतरी बोलायला गेले, ताईंनी हाताने थांबवलं. "तुला कल्पना आहे, कालची रात्र मी कशी काढली? मला वाटलं, आई जिवंत असून माझी गेली."

"हो ताई."

"हो काय? खोटं बोललीस तू मला. आणि तिला कोंडून गेलीस ती गेलीस, तिने हाक मारली तीही तुझ्यापर्यंत पोचू दिली नाहीस."

बॅग पलंगाखाली होती, भरायला दहा मिनिटं लागली असती.

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "एक बोलू का? शुक्रवारी आईंनी हाक मारली ती हिलाच ना? आणि हिला बटण नाही. माझं आहे, आणि मी मीटिंगमध्ये असले की उचलतसुद्धा नाही. माझा तो लग्नातला फोटो काढा यार, तसाही मेकअप भयंकर आहे."

कोणी हसलं नाही. दादांनी फोन जवळ ओढला. मग मला म्हणाले, "मोबाईल आण तुझा. आणि नंबर सांग." सेटिंग करताना ते माझ्याशी एक शब्द जास्त बोलले नाहीत, आणि पुढे महिनाभर बोलले नाहीत. वहिनींच्या जागी माझा फोटो बसवला तो मात्र ताईंनी. मुडपलेल्या कडा नखाने सरळ केल्या, झाकण दाबलं. "आता बाहेर जाशील तेव्हा हा मोबाईल अंगावर पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि दार बाहेरून बंद करायचं नाही. गार्डला वर बोलवायचं." मी हो म्हटलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलंही नाही.

रविवारी चारच्या सुमाराला आजींचे केस पुन्हा विंचरून त्या निघाल्या. आजींनी दारापर्यंत येऊन नमस्कार केला. "पुन्हा या."

सहाला फोन वाजला. ताई विमानतळावरून बोलत असणार, मागे गलका ऐकू येत होता. मी आजींशेजारी भाजी निवडत बसले होते.

"अगं चिमणे, तू आलीच नाहीस," आजी म्हणाल्या. "आत्ता एक बाई आल्या होत्या. फार चांगल्या. माझे केस इतके हलक्या हाताने विंचरले म्हणून सांगू. आमच्या पोरीला नाही तसं जमत."

मी भाजी निवडत राहिले. पलीकडून ताई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. आजी दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाल्या.

त्यानंतर माझा मोबाईल वाजला.

"काय खाल्लं आईने?"

"दुपारी मऊ भात ताई, मेथीचं वरण. तुम्ही आणलेल्या बाकरवडीचा चुरा मागितला, थोडा दिला."

"बरं," ताई म्हणाल्या. आणि फोन ठेवला नाही. मग म्हणाल्या, "कोणाच्या हातून जेवली?"

"माझ्या."

"हो," त्या म्हणाल्या. "तुझ्याच हातून जेवणार ती." त्या आवाजात काय होतं ते मात्र मला लगेच कळलं. दीड वर्ष रोज सहाला माझ्या पोटात तेच असायचं.